बाहेरची मदत

साहसी शर्यतीत संघातला शेवटचा माणूस रेषा ओलांडतो तेव्हा घड्याळ थांबतं. पहिले तिघं तासभर आधी पोहोचले तरी फायदा शून्य. तसे ते पोहोचूही शकत नाहीत म्हणा, कारण चौघांमध्ये शंभर मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की दंड. ज्याने हा नियम केला त्याचा मित्रपरिवार फार मोठा नसावा. आमच्याकडचे चार जण दिवसभर शंभर मीटरच्या आत राहिले तर बोलणार, बोलले की थांबणार, आणि थांबले की कोणीतरी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेणार.

हे सगळं खूळ मास्तरचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे जग आपल्या ताब्यात आहे असं त्याला वाटतं. त्यानेच आम्हाला सांगितलं की जेरार फ्युझील नावाच्या फ्रेंच पत्रकाराने १९८९ साली न्यूझीलंडमध्ये अशी मोठी शर्यत भरवली. पाच जणांचा संघ, त्यात एक तरी बाई हवीच. २०१९ साली फिजी बेटांवर ६७१ किलोमीटरची झाली, ६६ संघ उतरले, आणि एव्हरेस्ट चढलेल्या ताशी आणि नुंगशी मलिक या जुळ्या बहिणी आपल्याकडून संघ घेऊन गेल्या. आमची शर्यत म्हणजे रामटेकला एका दिवसात उरकणारं धाकटं प्रकरण. थोडं पळायचं, थोडी सायकल, थोडं पायी भटकायचं आणि शेवटी खिंडसी तलावात कयाक. "थोडं" हा शब्द मास्तरचा.

संघ चौघांचा, मिश्र. मास्तर, मी, कृषी केंद्रवाला आमचा दोस्त, ज्याला सगळा तालुका शेठ म्हणतो, आणि शेठची धाकटी बहीण. ताई पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, ही रोज पहाटे त्याच्या कितीतरी पट पळते. आमच्या संघात खेळाडू म्हणावी अशी ती एकटीच. उरलेले तिघं तिच्यामागे शंभर मीटरच्या आत राहण्याच्या कामावर.

मोबाइल सीलबंद पिशवीत. जीपीएस बंद. नकाशा आणि होकायंत्र घेऊन नाके शोधायचे आणि कार्डावर ठसा उमटवून आणायचा. आणि सगळ्यात जालीम नियम: बाहेरची मदत घ्यायची नाही. एका मदतीला पंधरा मिनिटं दंड. मोठमोठ्या समुद्रात, निर्मनुष्य डोंगरात हा नियम ठीक आहे. पण रामटेक तालुक्यात चार अनोळखी माणसं घाम गाळत गावातून चालली आहेत आणि कोणी त्यांना काही विचारलं नाही, असं घडायला अख्खं गाव लग्नाला गेलेलं असावं लागतं.

पहिला नाका गडमंदिराच्या पायऱ्यांवर. तिथली वानरं पिढ्यान्‌पिढ्या प्रसादावर पोसलेली. शेठच्या पाठीवरच्या पिशवीत सक्तीचं सामान होतं: शिट्टी, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी. सक्तीचं नसलेलंही होतं: केळी, चिक्की आणि खर्र्याची पुडी. एका थोराड वानराने पिशवी तपासून केळी आणि चिक्की जप्त केली. पुडी हुंगली आणि परत टाकली. ताई म्हणाली, "दादा, पाह्य, त्याले बी समजते." शेठने पुडी खिशात घातली आणि पुढची टेकडी उतरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

मग होकायंत्राचा घोळ. ते शेठच्या हातात होतं आणि सुई नुसती भिरभिरत होती. मास्तर थांबला. मास्तर थांबला की तास सुरू होतो. इथून जवळच मनसर आणि कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत, जमिनीत खनिज ठासून भरलंय, सुईचं डोकं फिरणारच, वगैरे. आम्ही माना डोलावल्या. ताईने शेठच्या हातातलं होकायंत्र काढून स्वतःच्या तळव्यावर ठेवलं, आणि सुई मुकाट्याने उत्तरेला वळली. शेठच्या मनगटात शनीसाठी घातलेलं जाडजूड लोखंडी कडं होतं. साडेसाती संपेपर्यंत ते काढता येणार नव्हतं, म्हणून होकायंत्र कायमचं ताईकडे गेलं. मँगनीजविषयी मग कोणी बोललं नाही.

सायकलने नगरधनपर्यंत आलो. किल्ल्याच्या दाराशी नाका. ठसा मारला की निघायचं, इतकं साधं. पण हे वाकाटकांचं नंदिवर्धन, आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने मुलं लहान असताना इथूनच राज्य चालवलं, हे मास्तरने सांगितल्याशिवाय पाय उचलला नाही. एरवी माणूस अशा वेळी हळूच सटकतो. इथे शंभर मीटरच्या बाहेर गेलं तर दंड आणि आत राहिलं तर इतिहास. आमच्यामागून आलेले दोन संघ ठसा मारून पुढे गेले. ताई एका जागी पाय झाडत उड्या मारत होती.

सायकली किल्ल्यापाशीच ठेवून पुढचा टप्पा पायी होता, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांमधून. नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. प्रत्यक्षात मात्र दोन सेंटिमीटरमध्ये अगणित धुरे (म्हणजे शेताचे बांध), दोन कालवे, एक भडकू गाय आणि कुसळाचं गवत मावतं. कुसळं मोज्यात शिरली की माणूस पळत नाही, नाचतो. एका धुऱ्यावर म्हातारबाबा तुरीला टेकून बसले होते.

"कुठी चालले गा?"

आम्ही गप्प. बोललो तर मदत होईल.

"नाल्याजवळच्या त्या झेंड्याकडे चालले का? थो तं मागं राह्यला. सकाळपासून सारे इकडंच चुकून राहिले. इथंच तं आहे, पांदणीनं जा."

आता ही मदत झाली की नाही? मास्तरचं म्हणणं, आपण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं. कानावर आलेल्या गोष्टीचा दंड नसतो. ताईचं म्हणणं, मग कान बंद करायचे होते. शेवटी आम्ही पांदणीनेच गेलो. बाबांचं "इथंच" आमच्या नकाशावर जवळपास पाच सेंटिमीटर भरलं.

तोपर्यंत शेठची अवस्था वाईट झाली होती. प्रत्येक धुऱ्यावर "मले सोडून जा" म्हणत होता, जे नियमात बसत नव्हतं. आणि अचानक तो पळायला लागला. पळायला म्हणजे खरोखर पळायला, काटे, कुसळं काही न बघता. पुढे दोन बांध्या ओलांडून एक इसम चालला होता. त्याने मागे पाहिलं, शेठला ओळखलं, आणि तोही पळाला. मागच्या खरिपाची खतं आणि औषधं, सगळी उधारीवर.

"ताई, धर त्याले!"

भरतीची तयारी काय असते ते मी त्या दिवशी पाहिलं. ताईने कारण विचारलं नाही. तिने त्याला तिसऱ्या बांधीच्या धुऱ्यावर गाठला आणि नम्रपणे म्हणाली, "काका, थांबा नं, दादा येऊन राहिला." मी आणि मास्तरही मागून पळत होतो. वसुलीशी आमचा संबंध नव्हता, पण शंभर मीटरशी होता. एवढा वेग आमच्या संघाने आधी कधी गाठला नव्हता आणि नंतरही गाठला नाही.

पकडला गेलेला माणूस मात्र एकदम प्रसन्न झाला. "अबे शेठ, तुम्ही हाय का! मले वाटलं बँकेवाले हाय." धानाचा चुकारा अजून आला नाही, आला की पहिले तुमचेच पैसे, हे सांगून तो म्हणाला, "घर इथंच आहे, चला, चहा घेऊन जा." या दुसऱ्या "इथंच"ला मी घाबरलो, पण घर खरंच तिथंच होतं. मी शेठला बाजूला घेऊन दंडाची आठवण दिली. तो म्हणाला, "चहा नाही घेतला तं उद्या म्हणेल, शेठनं माह्या घरचं पाणी नाकारलं, आता पैसे कायले देऊ?" व्यवहाराचं हे अंग फ्युझील साहेबांच्या लक्षात आलं नसणार. चहा झाला. चहाआधी पोहे झाले. पोह्यांवर तर्री होती. वहिनी डब्यात चिवडाही बांधून देत होत्या, तो मात्र आम्ही करारीपणाने नाकारला, म्हणजे अर्धाच घेतला.

कयाकविषयी थोडक्यात. दोघांच्या कयाकमध्ये मागे बसलेल्याने दिशा सांभाळायची आणि पुढच्याच्या ठेक्यावर वल्हं मारायचं असतं. मागे शेठ होता, पोटात तर्री, पुढे मास्तर, तोंडात सूचना. दोघं खिंडसीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर गोल गोल फिरत राहिले. जाळी आवरणाऱ्या एका काकांनी काठावरून "शेठ, दुसऱ्या हातानं!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा ते सरळ चालले. मी आणि ताई दुसऱ्या कयाकमध्ये. ती वल्हवत होती, मी वल्हं ओलं करत होतो.

शेवटच्या रेषेवर पंचांनी कार्ड तपासलं. ठसे सगळे होते. संघांमध्ये आम्ही शेवटून दुसरे, आणि त्याचाही मास्तरला अभिमान वाटायला लागला होता.

"बाहेरची मदत घेतली का?"

मास्तरने घसा साफ केला. तेवढ्यात मागे मोटारसायकल थांबली. उतरला तो आमचा उधारीवाला काका, हातात शेठचं हेल्मेट. "शेठ, टोपी राह्यली होती घरी. अन् चिवड्याचा अर्धा डबा वहिनीनं परत पाठवला. म्हणे, पोहे बी धड खाल्ले नाही."

पंचांनी पेन काढला. ताई भरतीवाली, खोटं बोलणार नाही. तिने ओळीने सगळं सांगून टाकलं: बाबांची पांदण, पोहे, चहा, काकांचं वल्हं आणि आता हेल्मेट. पंच प्रत्येकापुढे पंधरा लिहीत गेले. चहापाशी मास्तरने त्यांचा हात धरला.

"साहेब, एक शंका. हे पंधरा मिनिटं पूर्ण चहाचे, की कपामागं? कारण शेठनं दोन कप घेतले."