प्रतिक्रियेला उत्तर : ‘आमच्या करातून गोळ्या कशाला?’

नमस्कार. माझा लेख २०१२ च्या अमेरिकेतल्या वादावर होता : विद्यार्थी-विम्यात गर्भनिरोधक गोळ्या धराव्यात असं सँड्रा फ्लूक या विद्यार्थिनीने म्हटलं, आणि उजव्या विचारांचा रेडिओ-निवेदक रश लिंबॉने तिला ‘स्लट’ (चवचाल बाई) म्हटलं. तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रश लिंबॉची भाषा घाणेरडी होती, पण मुद्दा रास्त होता, विद्यार्थिनींच्या गोळ्यांचा खर्च करदात्यांनी का उचलायचा, वॉलमार्टात महिन्याला ९ डॉलरमध्ये गोळ्या मिळतात, आणि डाव्या भाष्यकारांना मी मोकळं सोडते.

शेवटचं आधी. डाव्या बाजूचा टीव्ही-निवेदक एड शुल्ट्झ याने २०११ च्या मे महिन्यात उजव्या बाजूची भाष्यकार लॉरा इन्ग्रॅम हिला तीच शिवी दिली होती. वाहिनीने त्याला आठवडाभर बिनपगारी घरी बसवलं, ते योग्यच झालं. त्या प्रकरणात विम्याचा संबंध नव्हता, म्हणून माझ्या लेखात ते आलं नाही.

आता करदाते. सँड्रा फ्लूक जॉर्जटाउन विद्यापीठात कायदा शिकत होती. विद्यापीठ जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं, त्यामुळे तिथल्या विद्यार्थी-विम्यातून गर्भनिरोधकं वगळलेली. हप्ता मात्र विद्यार्थी स्वतःच्या खिशातून भरत होते. म्हणजे तिची मागणी एवढीच, की आमच्या पैशांच्या विम्यात हे औषधही धरा. सरकारी तिजोरीचा यात संबंध कुठे आला? लिंबॉने तो आणला, कारण ‘तुमच्या पैशांवर चैन’ म्हटलं की ऐकणारा चिडतो. जाहिरातदार निघून जायला लागल्यावर ३ मार्च २०१२ ला त्याने शब्दांबद्दल माफी मागितली. कराचा गैरसमज मात्र तसाच राहिला, आणि तुमच्या प्रतिक्रियेतही तो आहे. गंमत म्हणजे हा आक्षेप अमेरिकेपेक्षा आपल्याकडे जास्त लागू पडतो. माला-एन गोळ्या आणि निरोध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात ते खरोखर करांतूनच, आणि त्यावरून कुणी बायकांचं चारित्र्य काढत नाही.

‘फुकट काहीच नसतं’ हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य आहे. ऑगस्ट २०१२ पासून विम्यात गर्भनिरोधकं धरलीच पाहिजेत हा सरकारी नियम लागू झाला, को-पे (औषध घेताना रुग्णाने स्वतः भरायचा वाटा) गेला. तरी तो खर्च सगळ्यांच्या हप्त्यात मिसळणारच. पण फ्लूच्या लशीचंही तेच होतं, आणि विमा कंपनीला बाळंतपण गोळ्यांपेक्षा कितीतरी महाग पडतं.

९ डॉलरचा हिशेब त्या वेळी टीव्हीवर, वर्तमानपत्रांत सगळीकडे फिरत होता. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे. त्या किमतीत ठरावीक जेनेरिक गोळ्याच मिळत होत्या. प्रत्येकीला त्याच चालतील असं नाही, आणि विम्याशिवाय तांबी बसवायची तर शेकडो डॉलर एकरकमी मोजावे लागत. शिवाय फ्लूकने संसद सदस्यांसमोर सांगितलेली मुख्य हकीकत गर्भनिरोधाची नव्हतीच. तिच्या मैत्रिणीला पीसीओएस या अंडाशयाच्या विकारासाठी गोळ्या हव्या होत्या. विम्याने पैसे नाकारले, काही महिन्यांनी तिला स्वतःच्या खर्चाने गोळ्या घेणं परवडेना, अंडाशयावर टेनिसच्या चेंडूएवढी गाठ वाढली आणि अखेर ते अंडाशय काढावं लागलं. लिंबॉच्या बडबडीत ही मैत्रीण हरवली. उलट, जितके जास्त संबंध तितक्या जास्त गोळ्या, असंच त्याला वाटत असावं! गोळी रोज एक घ्यायची असते, नवरा महिनाभर दौऱ्यावर असला तरी. आपल्याकडे पाळी पुढे ढकलण्यासाठी गोळ्या घेणाऱ्या कुठल्याही बाईला त्याला हे समजावता आलं असतं.

धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा, म्हणजे श्रद्धेविरुद्ध असा विमा द्यायची सक्ती का, तुम्ही एका ओळीत उरकलात. मला तुमच्या बाजूचा तोच सगळ्यात वजनदार वाटतो. चर्चना या नियमातून सूट पहिल्यापासून होती. प्रश्न धार्मिक विद्यापीठांचा, इस्पितळांचा आणि पुढे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांचा होता. हॉबी लॉबी या कलाकुसरीच्या सामानाच्या दुकानांच्या कंपनीच्या मालकांनी नियमातल्या २० गर्भनिरोधक पद्धतींपैकी फक्त चारांना हरकत घेतली आणि कारणही नेमकं दिलं : त्यांच्या श्रद्धेनुसार त्या चार पद्धती फलित बीजाला रुजू देत नाहीत. ३० जून २०१४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. मला तो निकाल पटत नाही. दुकानात काम करणाऱ्या बाईचा विमा हा तिच्या मोबदल्याचाच भाग आहे, आणि तो कसा वापरायचा हे मालकाच्या श्रद्धेने ठरू नये. तुम्हाला पटत असेल तर का, ते लिहा. त्यावर वाद घालायला मला आवडेल.