परदेशातून : नववीतल्या भाचीनं काय वाचावं

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात झालेला वाद डोक्यातून जाता जात नाहीये. मी एवढंच विचारलं होतं की भाची नववीत आहे, सेमी इंग्लिशला, तिला फॅन्टसी आणि सायन्स फिक्शनची चांगली पुस्तकं हवी आहेत, कोल्हापुरात कुणाच्या पोरांकडं असतील तर सांगा, आपापसात देता-घेता येतील. त्यावर एकानं लिहिलं, नववी म्हणजे दहावीचा पाया, असलं काल्पनिक वाचून मार्क मिळतात काय. दुसऱ्यानं लिहिलं, द्यायचीच तर थोरामोठ्यांची चरित्रं द्या, हा परदेशी जादूटोणा कशाला. आणि तिसरा, जो शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, तो म्हणाला, "भावा, तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नको, तिकडची पोरं वेगळी आणि इथली वेगळी." त्याला भराभर अंगठे पडले.

पोरं वेगळी नाहीत. माझी मुलगी इथं ब्रिटनमधल्या लीड्समध्ये ईयर नाईनला आहे, भाची तिकडं राजारामपुरीत नववीला, आणि दोघींचं बोलणं मी ऐकतो. घरातली मोठी माणसं तोंडानं एक सांगतात आणि वागतात दुसरं हे या वयात कळायला लागतं, अन्याय दिसायला लागतो, मैत्रिणी तुटतात, शरीर बदलतं, घरातलं कुणीतरी जातं, आणि यातलं काहीही जेवणाच्या ताटावर बोलायची सोय नसते. चरित्रं मी पण वाचली, वाचावीतच, पण त्यातला माणूस पुस्तक संपेपर्यंत मोठा झालेला असतो हे आधीच माहीत असतं. पोरांना असं कुणीतरी पाहिजे असतं ज्याचं पुढं काय होणार ते त्याला स्वतःलाच माहीत नाही.

अर्सुला ल ग्विनबाईंचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या, १९६८ सालचं. शेळ्या राखणारा पोरगा, अंगात जादूची मोठी ताकद, तो रोक नावाच्या बेटावरच्या जादूच्या शाळेत जातो, तिथं एका बड्या घरच्या पोराशी त्याची खुन्नस लागते, आणि मी किती भारी हे दाखवायच्या नादात तो मेलेल्या माणसाला बोलवायला जातो आणि त्यातून एक सावली सुटते जी पुढं त्याचा पाठलाग करत राहते. पळून पळून काही होत नाही, शेवटी त्यालाच वळून तिच्या मागं जावं लागतं. आता खुन्नस म्हणजे काय हे कोल्हापूरकराला मी सांगायला पाहिजे का? शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच बघितलेल्या कुठल्याही पोराला हे पुस्तक पहिल्या पन्नास पानांत आपलं वाटेल. तो नायक गोरापान नाही, तांबूस-काळसर रंगाचा आहे, आणि २००४ मध्ये टीव्हीवाल्यांनी त्याला गोरा केला तेव्हा ल ग्विनबाई जाहीरपणे त्यांच्यावर चिडल्या होत्या. परदेशी जादूटोणा म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

आणि राक्षस-जादू आपल्याला परकी कधीपासून झाली? आपल्या गावाचं नावच कोल्हासुरावरून आलं असं आपण लहानपणापासून ऐकतोय. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात, त्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यामागची गोष्ट आठवा जरा. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष, त्याच्या हातात योगदंड पडतो आणि तो सगळ्या देवांची शेळ्या-मेंढ्या करून टाकतो. त्र्यंबोली, म्हणजे आपली टेंबलाईच, त्याला मारते, देवांना सोडवते, आणि मग विजयाच्या सोहळ्यात नेमकं तिलाच बोलवायचं राहून जातं. ती रुसते, टेकडीवर जाऊन बसते, आणि अंबाबाईला लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला तिथवर जावं लागतं. सगळ्यांना वाचवणारी पोरगी आणि तिलाच विसरलेले मोठे लोक. ही गोष्ट जर आज एखाद्या चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून सांगितली तर इथले प्रकाशक उड्या मारत छापतील, इतकी ती पक्की आहे. ती आपण दर नवरात्रात मनापासून ऐकतो आणि पोरीनं तसलंच काही पुस्तकात वाचायला मागितलं की मार्कांचं विचारतो, याचा मला खरंच राग येतो.

त्याहून जास्त राग मला दुसऱ्या गोष्टीचा आला. मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले तेव्हा याच ग्रुपवर दिवसभर श्रद्धांजली चालली होती, कोल्हापूरचा सुपुत्र म्हणून. जन्म इथलाच त्यांचा, १९३८ सालचा. पण हा माणूस काय करत होता? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या खोट्या नावानं पाठवली, आपलं नाव बघून कुणी नंबर देऊ नये म्हणून, आणि पहिला नंबर आला. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' हे सगळं त्यांनी गणितं सोडवून उरलेल्या वेळात मन रमवायला नाही लिहिलं, विज्ञानाचा विचार लोकांच्या डोक्यात कल्पनेच्या वाटेनंच शिरतो हे त्यांना पटलेलं होतं म्हणून लिहिलं. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि त्यांनी लिहिलं तसलं पुस्तक पोरांच्या हातातून काढून घ्यायचं, हे जमत नाही एका वेळी. भाचीच्या यादीत 'प्रेषित' मी सगळ्यात वर ठेवलंय.

आता इथलं सांगतो. इथं माझी मुलगी लायब्ररीच्या ॲपवर पुस्तक रिझर्व्ह करते, आलं की ईमेल येतो, शाळेतून घरी येताना उचलते. तिच्या शाळेच्या लायब्ररीत कार्नेगी मेडलची, म्हणजे मुलांच्या पुस्तकांना मिळणाऱ्या इथल्या बक्षिसाची, शॉर्टलिस्ट लागली की पोरं लंच टाइमला बसून ती पुस्तकं वाचतात आणि कुठलं जिंकावं यावर भांडतात, कुणी त्यांना यातून मार्क किती असं विचारत नाही. ज्या गावात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉल्किन १९२० ते १९२५ युनिव्हर्सिटीत शिकवायला होते त्या गावात फॅन्टसीला कुणी नाकं मुरडत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तर लगेच एकानं बातमी चिकटवली की ब्रिटनमध्ये २०१० नंतर शेकडो लायब्रऱ्या बंद पडल्या. पडल्या, खरंय. आणि नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या पाहणीत इथल्या तीनातल्या एकाच मुलाला फावल्या वेळात वाचायला आवडतं असं आलंय, तेही मला माहीत आहे. पण मग मी म्हणतो, ज्या १८५० साली ब्रिटनच्या पार्लमेंटनं पब्लिक लायब्ररीचा कायदा केला, त्याच १८५० साली कोल्हापुरात लायब्ररी सुरू झाली, आपलं करवीर नगर वाचन मंदिर. आपण मागं नव्हतोच कधी. मी तिथूनच भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नेला, त्यांनी मराठीत आणलेला जूल व्हर्न नेला, नारायण धारप नेले आणि रात्री मागच्या दाराकडं जायला घाबरलो. तेव्हा ग्रुपवरचे हेच तिघे माझ्या आधी नंबर लावून ती पुस्तकं न्यायचे.

मधे काय झालं ते मला असं दिसतं की 'किशोर'पर्यंत आपलं सगळं बरं चाललंय, १९७१ पासून बालभारती तो काढतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत, उत्तम काम आहे. पण बारा-तेराव्या वर्षी पोरगं त्यातून बाहेर पडलं की पुढची पायरी थेट 'मृत्युंजय' आणि 'ययाति'. दोन्ही आपल्याच जिल्ह्याच्या मातीतली पुस्तकं, एक आजऱ्याच्या सावंतांचं, एक कोल्हापुरात राहिलेल्या खांडेकरांचं, पण ती मोठ्यांची आहेत, आणि मधली चार वर्षं रिकामी पडतात. त्या रिकाम्या जागेत मोबाईल शिरतो आणि मग आपण म्हणतो पोरं वाचत नाहीत.

तर त्या मधल्या वर्षांसाठी मी भाचीला काय सांगितलं ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर झाला. अर्थसी आहेच. मॅलरी ब्लॅकमनचं 'नॉट्स अँड क्रॉसेस', २००१ चं, त्यात काळे लोक सत्तेवर आणि गोरे खालचे, एक मुलगी वरच्या घरातली आणि एक मुलगा खालचा, आणि खालच्या मुलांना पहिल्यांदा वरच्यांच्या शाळेत घेतात तेव्हा दारात जी गर्दी जमते ते पान वाचताना मला बसवेना. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, जाती-जातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, त्या गावातल्या पोरीला हे पुस्तक समजावून द्यावं लागणार नाही. पण ते हिंसक आहे आणि शेवट फार दुःखाचा आहे, दहावीनंतर दिलं तरी चालेल. लोइस लॉरीचं 'द गिव्हर' मात्र आत्ताच द्या, छोटं आहे, इंग्रजी सोपं आहे, दुःख काढून टाकलेल्या गावाची गोष्ट आहे आणि दुःखाबरोबर अजून काय काय काढून टाकलंय ते हळूहळू कळतं. अमेरिकेत सुद्धा ते शाळांतून काढा म्हणून पालकांनी तक्रारी केल्या होत्या, म्हणजे घाबरणारी मोठी माणसं सगळीकडंच असतात. 'द हंगर गेम्स' तिच्या मैत्रिणींनी वाचलंय, तीही वाचेल, मी सांगायची गरज नाही. हॅरी पॉटर मराठीतही आहे, इंग्रजीला घाबरणाऱ्यांनी 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून सुरुवात करावी.

इथल्या मराठी घरांत रोशनी चोक्शीचं 'अरू शाह' फार चालतं, पांडवांचा पुनर्जन्म अमेरिकेतल्या मुलींच्या रूपात वगैरे, आमच्या पोरांना त्यानं महाभारताची गोडी लागते म्हणून मीही मुलीला आणलं होतं. भाचीला मी ते देणार नाही. ज्या पोरीनं आजीकडून अख्खं महाभारत ऐकलंय तिला ते फारच सोपं पडेल. आणि एक गोष्ट आईबापांना स्पष्ट सांगतो, हल्ली ड्रॅगन आणि तलवारींची रंगीत कव्हरं असलेली बरीच पुस्तकं खरं तर मोठ्यांची प्रेमप्रकरणं आहेत, इन्स्टावर बघून पोरी मागतात, ती मागवण्याआधी पन्नास पानं स्वतः वाचा. बंदी घालू नका, वाचा.

सगळ्यात आधी मी तिला जे पाठवलं ते पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स'. शिवोन डाऊड नावाच्या लेखिकेची कल्पना होती ती, ती कॅन्सरनं २००७ मध्ये गेली, मग नेसनं ते लिहून काढलं. तेरा वर्षांचा कॉनर, आई आजारी, आणि घरामागच्या टेकडीवरचं जुनं झाड रात्री बारा वाजून सात मिनिटांनी चालत खिडकीपाशी येतं. ते त्याला तीन गोष्टी सांगतं आणि म्हणतं, चौथी तू सांगायची, आणि खरी सांगायची. त्या पोराच्या पोटात काय दडलंय ते मी इथं सांगत नाही.

आमचे आबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हिथ्रोवरून मुंबई, मुंबईवरून रात्रभर गाडी, आणि दारात चपलांचा ढीग. बहीण पाहुण्यांत, आई खोलीत, आणि भाची जिन्यावर एकटी बसलेली, तिच्याशी कुणी बोललेलं नव्हतं, तिला फक्त चहाचे कप आत न्यायला सांगत होते. मीही बोललो नाही, सुचलंच नाही. पुस्तक वाचून झाल्यावर तिनं मला मेसेज केला, "मामा, त्या मुलाला जे वाटतं ना, तेच मला आबांच्या वेळी वाटलं होतं. मला वाटलं मी एकटीच वाईट आहे." आता सांगा मार्क.

तिकडं बसून शिकवू नको म्हणणाऱ्या मित्राचं मला लागलं ते का, तेही सांगून टाकतो. गावातल्या कुठल्याच गोष्टीत आता माझं मत लागत नाही. घर कुठल्या रंगानं रंगवायचं, तालमीच्या गणपतीची वर्गणी किती, आईला डॉक्टर कुठला, सगळं ठरतं आणि मग मला कळतं. तक्रार नाही, जे तिथं राहतात त्यांनीच ठरवावं. नारळीकर केंब्रिज सोडून १९७२ मध्ये परत गेले, मी गेलो नाही, आणि आता जाईन असं वाटत नाही. पण "मामा, पुढचं काय वाचू?" असं भाची विचारते तेव्हा कोल्हापुरात माझं एक काम शिल्लक आहे असं वाटतं, आणि ते काम फालतू आहे असं कुणी म्हटलं की मी भांडतो आणि भांडत राहीन. माझी मुलगी मराठी बोलते पण वाचत नाही, देवनागरी लावून लावून वाचते आणि दोन ओळींत कंटाळते. भाची दोन्ही वाचते. दोघी मिळून व्हिडिओ कॉलवर त्या सावलीबद्दल बोलत होत्या, अर्धं इंग्रजी, अर्धं कोल्हापुरी, तेव्हा मी बाजूला भांडी पुसत ऐकत होतो आणि मला दोन्ही घरं एकाच गल्लीत असल्यासारखं वाटलं.

ग्रुपवरच्या वादात एक मैत्रीण शेवटी म्हणाली की मग मराठीत कुणी लिहीत का नाही असलं. हाच प्रश्न मला आवडला. त्र्यंबोलीची गोष्ट पडून आहे, पंचगंगेचा पूर आहे, रंकाळा आहे, गडांवरच्या भुयारांच्या ऐकीव गोष्टी प्रत्येकाच्या घरात आहेत. कोल्हापूरच्या कुणा तरुण पोरानं किंवा पोरीनं चौदा वर्षांच्या वाचकासाठी तीनशे पानांची कादंबरी लिहावी, उपदेश न करता. निघाल्या दिवशी मी दोन प्रती घेणार, एक भाचीला आणि एक इकडं मागवून घेणार, मुलीला रोज रात्री मी स्वतः वाचून दाखवीन.