म्हणे, विमानानं पाऊस पळवला!

आभाळ भरून आलं की विमान येतं, औषध फवारतं आणि ढग पळवून लावतं. मागं उमटणारी पांढरी रेघ हाच पुरावा. जालना-बीडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर पावसाळ्यात हा मजकूर फिरतो. हौसेनं विमान उडवायला शिकणाऱ्याला याचं हसू येतं, कारण गडगडाटी ढग दिसला की पळतं ते विमानच. अशा ढगापासून २० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर लांब राहा, असं आम्हाला शिकवतात.

आधी ती रेघ. ती ओढणारी विमानं नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून जातात. इंजिनातून निघालेली वाफ तिथल्या कडाक्याच्या थंडीत गोठते, बस्स. मुंबईहून हैदराबादला निघालेल्या पायलटला खाली परळी आहे की परतूर, याच्याशी काय देणंघेणं? आणि विमानं भर पावसातही वरून जातातच, पण खालच्या ढगांआडून ती दिसत नाहीत. आभाळ फाकलं की रेघ दिसते. रेघेमुळं आभाळ फाकत नाही.

‘औषधा’च्या गोष्टीला मात्र बूड आहे. २०१५ आणि २०१९ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतून खरंच विमानं उडाली, पण पाऊस पाडायला. अशा विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या पेटवून मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण ढगात सोडतात. त्यानं पाऊस किती वाढतो, यावर खुशाल भांडा.

मग भरून आलेले ढग जातात कुठं? हा प्रश्न रास्त आहे. तापल्या जमिनीवरची हवा वर चढते, किलोमीटरमागं सुमारे दहा अंशांनी निवते आणि पुढं वाफेचे थेंब होतात. थेंब होताना सुटलेली उष्णता हवेला आणखी वर रेटते. वळवाचा ढग असाच बारा-पंधरा किलोमीटर चढतो. दहा चौरस किलोमीटरवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख टन पाणी; ते चार नळकांड्यांना भिऊन पळेल? पण वर कोरडी हवा असली की थेंबांची पुन्हा वाफ होते आणि छोटा ढग अर्ध्या तासात विरतो. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या मराठवाड्यात हे नेहमीचंच. शिवाय जुलैत खाली पश्चिमेचा वारा, खूप वर पूर्वेचा. वाढू पाहणाऱ्या ढगाचा बुडखा एकीकडं, शेंडा दुसरीकडं.

एक गोष्ट हा मजकूर फिरवणाऱ्यांच्याही बाजूची. शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या ढगाच्या पातळ थरातून विमान गेलं, तर त्यात कधीकधी मोठं गोल भोक पडतं. थेंब गोठून खाली गळतात. पण त्या थरातून तसाही पेरणीजोगा पाऊस येत नाही.