परवानगीनं मारलेलं रानडुक्कर खायचं का नाही?

नमस्कार दादा,

पारध आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, टेक्सासमधला तुमचा भाचा आजही डुकरं मारून खातो, मग इथल्या शेतकऱ्यालाच कायदा का, असं तुम्ही विचारलंत. वर, मारलेलं डुक्कर खाऊ नये, हे शेत न कसणाऱ्यानं सांगू नये, असंही.

आमचं भात रानाला लागूनच आहे. लोंबीत दूध भरलं की डुकरांचा कळप उतरतो. खातो थोडं, लोळवतो जास्त. सकाळी चिखलातून उचललेल्या भाताचा धड पेंढाही होत नाही. त्यामुळे तुमचा राग मला कळतो, आणि डुक्कर मारायची परवानगी झटपट मिळायला हवी, असं माझंही ठाम मत आहे.

ती परवानगी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली अधिकृत वनाधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. पण मारलेलं जनावर कलम 39 प्रमाणे सरकारचं. अंगावर आलं म्हणून जीव वाचवायला मारलंत, तरी सरकारचंच. 48 तासांत कळवायचं, वाटे घालायचे नाहीत. फासकी लावणं आणि हाकारे देणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. 2022 च्या दुरुस्तीनंतर यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

चांगलं मटण मातीत पुरताना जीव हळहळतो, हे मान्य. तरी ही अट मला पटते. मटणाची सोय झाली की पीक कापून झाल्यावरही बंदुका खाली येणार नाहीत. आणि फासक्या वाढतील. मोटरसायकलच्या क्लच वायरची फासकी डुकराच्या वाटेवर लावतात, त्याच वाटेनं बिबट्या येतो. सुटायला जितका ओढतो तितकी तार कमरेत रुतत जाते.

टेक्सासची गोष्ट वेगळी आहे. तिथली डुकरं मूळची तिथली नव्हेत. युरोपीय लोकांनी नेलेली पाळीव डुकरं रानात सुटून माजली. खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं ती मारायला 1 सप्टेंबर 2019 पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. भाचा कायद्यात बसतो. त्याला एवढं जरूर सांगा: सोलताना हातमोजे घाल, कारण ब्रुसेला नावाचे रोगजंतू हाताच्या कापलेल्या जागेतून शिरतात. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापलंच पाहिजे, थर्मामीटर खुपसून बघ. ट्रायकिनेला नावाच्या परजीवी कृमीच्या अळ्या स्नायूत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मीठ लावून, धुरी देऊन किंवा सुकवून त्या मरतील याचा भरवसा नाही. त्यांच्या काही जाती फ्रीजरमध्येही तगतात. खाल्ल्यावर काही दिवसांनी ताप आला, पापण्या सुजल्या, अंग ठणकायला लागलं, तर डॉक्टरांना डुकराचं मांस खाल्ल्याचं आधी सांगायचं.

आपल्याकडे नेमकं इथंच घोडं अडतं. चोरून खाल्लेलं असतं, त्यामुळे आजारी पडलेला माणूस डॉक्टरसमोरही तोंड उघडत नाही, आणि उपचार भलतेच चालू राहतात.

तुमच्या शेतात आत्ता नुकसान चालू असेल तर नुकसानभरपाईचा आणि परवानगीचा असे दोन वेगळे अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. दोन्हींची पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत लोळलेलं भात हलवू नका, फोटो काढून ठेवा. अर्ज लिहायला अडचण आली तर इथंच कळवा, मजकूर मी तयार करून देते.