यात पक्षी कुठाय?

हा प्रश्न मला चारचौघांत विचारला गेला, तोही माझाच कॅमेरा हातात धरून. रविवारची सकाळ, पुण्याजवळचं कवडीपाट, समोर मुळा-मुठा. राग अजून गेलेला नाही, तेव्हा पुढचं सगळं एकतर्फी आहे असं समजूनच वाचावं.

पार्श्वभूमी लांबवत नाही. माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आहे आणि त्याच्याच खोक्यातून आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स. दिवाळीचा बोनस बँकेत पडून आहे. त्यातून नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची की नवी लेन्स, एवढाच सवाल. पण हा सवाल चुकून मोठ्यानं विचारला की ऑफिसच्या कॅन्टीनपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांकडे मत तयार असतं. सेक्रेटरींनी आयुष्यात आधार कार्डापुरता फोटो काढून घेतलाय, पण तेही म्हणाले, "फुलफ्रेमच घ्या, मोठ्या सेन्सरचा. अर्धवट काही घेऊ नका." आजवर काय काढलंयस ते दाखव बघू, असं मात्र एकानंही म्हटलेलं नाही.

सवाल उगाच पडलेला नाही. भाचीचा साखरपुडा झाला त्या कार्यालयात ट्यूबलाइट होत्या, आणि त्यातली अर्धी मिचमिचत होती. किट लेन्स पंचावन्नवर नेली की अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, ५.६च्या वर उघडत नाही (आकडा जितका लहान तितकं भोक मोठं). मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ६४००वर न्यावा लागला आणि भाचीच्या गालांवर रवा सांडल्यासारखे दाणे आले. ताईनं फोटो बघून विचारलं, "हिला पुरळ कधी उठलं रे?" तेव्हा एक तर हे दाणे येऊ न देणारी बॉडी हवी, नाही तर १.८पर्यंत उघडणारी पन्नासची लेन्स हवी. ती ५.६च्या मानानं जवळपास दहापट उजेड आत घेते. पण माझ्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं. भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलो तरी फ्रेममध्ये एक तर नवरा येणार, नाही तर नवरी. दोघं एकत्र हवी असतील तर मला जेवणाच्या हॉलमध्ये, पंगतीच्या मागे जाऊन उभं राहावं लागेल.

आता तो प्रश्न विचारणारे काका.

काका डोक्यापासून बुटांपर्यंत पानापानांच्या मिलिटरी कापडात होते. लेन्सलाही त्याच कापडाचा अंगरखा. हा वेश करून ताडोबात बसले असते तर वाघही ठेचकाळला असता. पण कवडीपाटला मागे पांढरा फेस, जलपर्णी आणि लाल-निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्या देखाव्यात काका पार टोलनाक्यावरून दिसत होते. तिथे लपायचं असेल तर अंगरखा दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचा शिवायला हवा.

"किट?" काकांनी विचारलं. नमस्कार वगैरे भानगड नाही.

"हो."

"अरेरे. आणा बघू."

आणा म्हणजे त्यांनी घेतलाच. कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात होता, त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर मीही ओढला गेलो. पुढची सगळी उलटतपासणी काकांच्या छातीपासून वीतभर अंतरावर, मान वाकवून झाली. त्यांनी माझा शेवटचा फोटो उघडला.

"हे काय आहे?"

"हळदीकुंकू बदक."

"नाव माहितीये मला. यात पक्षी कुठाय?"

हे त्यांनी जरा आवाज चढवून विचारलं. बांधावरचे बाकीचे ट्रायपॉडवाले वळून बघायला लागले.

"ते काय, बाटलीशेजारी."

"कुठल्या बाटलीशेजारी?"

"डावीकडून तिसरी. हिरव्या झाकणाची."

काकांनी झूम केलं. बाटलीवरचं लेबल वाचता आलं. बदक काही आलं नाही.

"बजेट?"

"चाळीसेक हजार."

काका मागे वळले आणि मंडळींना म्हणाले, "चाळीस म्हणतायत." मंडळींनी माना हलवल्या. एकानं तर टोपी काढून पुन्हा घातली.

"लेन्स घ्या," काकांनी निकाल दिला. "डोळे झाकून लेन्स. बॉडी जंगम, लेन्स स्थावर. बॉडीला तीन वर्षांनी कुत्रं विचारत नाही. लेन्स नातवाच्या नावावर करून जाता येते." काका दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेत, हे मला तेव्हा कळलं. "माझी ही दीडशे-सहाशे. तुमच्या-माझ्या छोट्या, क्रॉप सेन्सरवर किती होते? सांगा. एक पूर्णांक सहा दशांशनं गुणा."

मान वाकलेल्या अवस्थेत मी गुणाकार केला. "नऊशे साठ."

"नऊशे साठ!" काका मंडळींकडे बघून म्हणाले, जणू वरचे तीनशे साठ त्यांनी स्वतः कमावले होते.

मी म्हटलं, "पण काका, तुमची लेन्स ईएफ माउंटची, म्हणजे बॉडीला जोडायच्या जुन्या मापाची. कॅनननं २०१८ साली आरएफ हे नवं माप आणलं. नातवाच्या बॉडीवर ती बसणार कशी?"

काका पहिल्यांदाच थांबले. मग म्हणाले, "अ‍ॅडॉप्टर मिळतो. तेवढा एक बोजा चढतो सातबाऱ्यावर."

या स्थावराबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. ईएफ माउंट आलं १९८७ साली, आणि त्याआधी एफडी माउंटच्या लेन्सा जमवून बसलेली मंडळी एका रात्रीत बेघर झाली. निकॉनवाले हसत होते, कारण त्यांचं एफ माउंट १९५९पासून चालत आलेलं. २०१८ साली त्यांच्याकडेही झेड आलं. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी म्हणून घ्या म्हणायचं आणि मधेच दाराचं मापच बदलायचं. एवढा पैसा घालून वर नव्या कुलपासाठी जुनी किल्ली बदलून देण्याचेही पैसे आम्हीच मोजायचे. जुन्या लेन्सा अ‍ॅडॉप्टरवर छान चालतात, हे खरं आहे. मला तरीही राग येतो.

एवढ्यात समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या येऊन बसला. निळा, तांबूस, अगदी स्वच्छ उन्हात. पाच-सहा शटर मशीनगनसारखे सुरू झाले. काकांचे दोन्ही हात माझ्या कॅमेऱ्यात अडकलेले आणि माझी मान पट्ट्यात. खंड्यानं सूर मारला, मासा उचलला, फांदीवर दोनदा आपटला आणि निघून गेला.

"तुमच्यामुळे गेला," काका मला म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. निघताना काकांनी हाक मारली. "जरा माझा एक फोटो काढता का? लेन्ससकट. आमचा कोणी काढतच नाही हो." त्या वाक्यानं मी विरघळलो. कॅमेरा डोळ्याला लावला, तर काका हात आडवा धरून म्हणाले, "त्यात नको! मोबाइलमध्ये काढा. मागचं ब्लर यायला हवं."

काढला. मोबाइलनं मागचा फेस, पिशव्या, तिसरी बाटली, सगळं विरघळवून गुळगुळीत धुकं करून टाकलं. त्या धुक्यात काका एखाद्या हिमालयीन तळ्याकाठी बसल्यासारखे दिसत होते. त्यांनी माझा नंबर घेतला आणि संध्याकाळपर्यंत मला त्यांच्या पक्षीप्रेमी ग्रुपमध्ये घातलं. तिथे तोच फोटो, खाली अंगठे आणि गुलाबाची फुलं. कोणीतरी विचारलेलं, "वा काका, काय क्लॅरिटी! कुठली लेन्स?"

काकांचं उत्तर : "सहाशे."

त्या ग्रुपवरचे फोटो मी वरपर्यंत चाळले. सगळे कवडीपाटचे. चक्रवाक, शेकाट्या, चित्रबलाक, धोबी. पिसान्‌पीस मोजून घ्यावं असे फोटो, आणि एकाही फोटोत नदी नाही. नऊशे साठच्या चौकटीत फक्त पक्षी आणि त्याच्यामागे मऊ हिरवा रंग. तो मऊ हिरवा म्हणजे जलपर्णी, आणि पांढरे तेजस्वी गोळे म्हणजे शहराच्या सांडपाण्याचा फेस. मला वाटायचं, एवढी लांब लेन्स पक्षी जवळ आणायला लागते. ती कचरा कापायला लागते. लाख-दीड लाख घालून आम्ही वास न येणारी मुळा-मुठा विकत घेतो आणि सकाळी आठला ग्रुपवर टाकतो. माझ्या अठरा-पंचावन्नमध्ये सगळं येतं. गणपतीच्या उरलेल्या पाटाची लाकडं, निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोल, आणि त्यात कुठेतरी एक बदक, जे बिचारं तिथेच राहतं. पण यात पक्षी कुठाय, हा प्रश्न मलाच विचारला जातो. नदी कुठाय, असं त्यांना कोणी विचारत नाही. असो. पुण्यात नदीबद्दल बोलायला लागलं की माणसं घड्याळ बघतात.

घरी मी विषय जरा उंचावर नेला. म्हटलं, दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विमा गहाण टाकला, लंडनला गेले आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. त्यांना कोणी बजेट विचारलं नाही. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी कॅमेरा आणून निदान वाटाण्याचं रोप उगवताना तरी दाखवलं. तू बाटली दाखवतोस." हिला फाळक्यांचं वाटाण्याचं रोप ठाऊक आहे, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. वाद तिथेच संपला.

सरकारचंही आमच्याबद्दलचं मत फार वेगळं नाही. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेरा अठ्ठावीस टक्क्यांच्या पंगतीत, पानमसाल्याच्या शेजारी बसवला होता. २०१८च्या डिसेंबरात परिषदेला दया आली आणि तो अठरावर आला. अठरा टक्क्यांत माझ्या छोट्या लेन्सचा बराचसा खर्च निघाला असता, पण तो अर्धा दिल्लीला आणि अर्धा मुंबईला जातो.

तरी काल दुकानात गेलोच. काउंटरवरचा मुलगा गोड होता. फुलफ्रेम मिररलेस, म्हणजे आतल्या आरशाशिवायची नवी बॉडी, काढून त्यानं माझ्या हातात दिली. हातात धरल्यावर पोटात जे व्हायचं ते झालं. विचारलं, "माझी जुनी लेन्स यावर चालेल?"

"चालेल ना सर. अ‍ॅडॉप्टर लावायचा. फक्त ती छोट्या सेन्सरची लेन्स, त्यामुळे या सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाईल."

म्हणजे पैसे अख्ख्या फ्रेमचे आणि फोटो मधल्या तुकड्याचा.

"मग लेन्स दाखवा."

"कुठल्या माउंटची सर? पुढे बॉडी बदलणार असाल तर आता ही घेऊ नका. बदलणार नसाल तर ती घेऊ नका."

मी त्या वाक्याचा अर्थ लावत उभा राहिलो. मुलानं माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, बॅग घ्या. बॅग कुठल्याही बॉडीला चालते."

घेतली. काळी, पाठीवरची, पावसाचं आवरण खालच्या कप्प्यात फुकट. बॅगेची तशी गरजही होती, कारण पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून माझा कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसकट आईच्या चकल्यांच्या हवाबंद डब्यात राहतो आणि दर दिवाळीला त्यावरून घरात बोलाचाली होते. डबा आता मोकळा झाला.

बॅगेच्या मधल्या लांबट कप्प्यात सहाशेची लेन्स आडवी झोपेल एवढी जागा आहे. माझा कॅमेरा त्यात ठेवला की गडगडत एका कोपऱ्यात जाऊन बसतो. आईनं आज बॅग उघडली, आत हात फिरवला, आपला डबा आणून त्या कप्प्यात ठेवून बघितला. अगदी मापात बसला.

"चांगली आहे रे पिशवी," आई म्हणाली. "गावाला जाताना मी नेईन."