पट्टी चुकली अन् म्हणता पोरगी बाटली?

विशारद झालेल्या पोरीनं पॉप गाणं काढलं की गावातला पहिला शेरा ठरलेला: "बाटली!" म्हणणारे तेच, जे दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाला रात्रभर बसतात अन् एकाच मंचावरच्या नाट्यपदालाही टाळी देतात, लावणीलाही. हरिहरन १९९६ मध्ये लेस्ली लुईससोबत पॉपमध्ये उतरले, म्हणून त्यांची गझल काही आटली नाही.

खरी अडचण निराळी. गळा तयार आहे म्हणजे पॉप डाव्या हातचा मळ, असं वाटतं अन् तिथंच गाणं फसतं.

विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं एक आवर्तन ४८ सेकंदांचं. इकडं पॉपमध्ये १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) चार मात्रांचे सोळा बार, म्हणजे अख्खा अंतरा, ३८ सेकंदांत खलास. डौलात समेवर यायची सवय असलेला गळा ओळीओळीला क्लिकच्या (हेडफोनमधल्या ठोक्याच्या) मागं राहतो. उपाय घरातच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनात शब्द कसे ठेक्याला धरून पडतात? तशी फेक लावा.

सुराची गोष्ट अजून बारीक. तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरलेला असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांत अंतर १०० सेंटचं). एकट्या आवाजात तो गोडच लागतो. लांब कॉर्डवर (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीवर) आवाजाचे चार थर चढवले की घासतो, अन् लोक पोरीला बेसूर ठरवतात. त्या गाण्यापुरता सराव कीबोर्डवर करा, सकाळचा रियाज तानपुऱ्यावरच. ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) फार वेगानं लावलं तर मींडेच्या, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाण्याच्या, पायऱ्या होतात. तेवढे तुकडे वगळायला सांगा, लाजू नका.

घरी रेकॉर्डिंग करत असाल तर टिनाची खोली टाळा. टाळता येत नसेल तर कापसाच्या गाद्या तीन बाजूंनी उभ्या करा, त्याची आपल्याकडं काय वाण? माइक वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), तार सप्तकात मान थोडी मागं. इन्व्हर्टरची घरघर आली तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

सगळ्यात महागात पडते ती पट्टी. पोरगी काळी चारची (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरणारी), अन् अरेंजर, म्हणजे गाण्याचं वाद्यसंगीत बांधणारा, ट्रॅक करून ठेवतो पांढरी एकमध्ये. मग तयार ऑडिओ संगणकावर चार पट्ट्या ओढला की ढोलकीचा आवाज डबड्यासारखा येतो. शिवाय रागाची पट्टी गाण्यालाही बसेलच असं नाही. आधी अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ तिच्याकडून दहादा म्हणवून घ्या, दहाव्यांदाही गळा मोकळा राहिला तर ती पट्टी. तोवर अरेंजरला ॲडव्हान्स देऊ नका.