अंशतः समुद्र

मार्चच्या सुट्टीत मेक्सिकोच्या समुद्रावर जायचे, हे आमच्या घरात एका जेवणाच्या वेळात ठरले; तिथे उतरायचे कुठे, हे ठरायला सात आठवडे लागले. ह्यूस्टनहून कॅनकूनला विमान अडीच तासांच्या आसपास पोहोचते, मुलांच्या शाळेला आठवडाभर सुट्टी होती आणि डहाणूहून आमच्याकडे आलेल्या आई-अण्णांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा निराळा व्हिसा काढावा लागणार नव्हता. एवढ्या गोष्टी आपसूक जुळून आल्या, तेव्हाच खरे तर मला संशय यायला हवा होता.

माणसे सहा आणि अटीही सहा. आठ वर्षांच्या चिरंजीवांना थेट पाण्यात पडणारी घसरगुंडी हवी होती. तेरा वर्षांच्या कन्येला तुलुम नावाचे किनाऱ्यावरचे गावच हवे होते, कारण वर्गातल्या तिघींचे वेताच्या झोपाळ्यावर बसलेले फोटो तुलुमचे होते. डुकराची चरबी पोटात जाणार नाही, याची आईला हमी हवी होती. बायकोची अट सर्वांत साधी होती: सात दिवस तिच्या नजरेला शेगडी पडता कामा नये. त्या एका वाक्याने स्वयंपाकघरासह मिळणारे सगळे बंगले आणि फ्लॅट बाद झाले, आणि "डाळ-तांदूळ बरोबर न्या, कुकर तिथे असतो" ही मित्रमंडळींनी मोठ्या प्रेमाने पुरवलेली माहिती वाया गेली. माझी अट पैशांची होती, म्हणून ती कोणी विचारली नाही. सहावे अण्णा.

अण्णांनी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मोजणीच्या कामावर काढली. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी कोणतीही जागा म्हटली की त्यांना आधी नकाशा लागतो. हॉटेलांचे फोटो त्यांनी पुरावा म्हणून स्वीकारलेच नाहीत. "फोटो अर्जदाराने स्वतः दाखल केलेले आहेत," असा शेरा मारून त्यांनी माझा लॅपटॉप ताब्यात घेतला आणि उपग्रहाच्या नकाशावर मेक्सिकोचा किनारा तपासायला सुरुवात केली.

मेक्सिकोला दोन्ही बाजूंनी समुद्र आहे. पश्चिमेकडचा निकालात निघायला वेळ लागला नाही. काबो सान लुकासला प्रशांत महासागर आणि कॅलिफोर्नियाचे आखात एकमेकांना भेटतात, हिवाळ्यात तिथे देवमासे येतात, सगळे खरे. पण तिथल्या पुष्कळशा किनाऱ्यांवर लाटा आणि ओढ इतकी जबर असते की पाण्यात उतरू नका अशा पाट्या लावलेल्या असतात. "लांबूनच बघायचा समुद्र आपल्याकडे पावसाळ्यात फुकट असतो," असे आई म्हणाली आणि मी तो टॅब बंद केला.

राहिला पूर्वेचा, कॅरिबियन किनारा. कॅनकूनची हॉटेले ज्या वाळूच्या पट्ट्यावर आहेत तो इंग्रजी सातच्या आकड्यासारखा आहे: वरची आडवी दांडी आखूड आणि उत्तराभिमुख, खालची उभी दांडी लांबलचक आणि पूर्वाभिमुख. अण्णांनी चतुःसीमा वाचून दाखवल्या. पूर्वेस खुला समुद्र, पश्चिमेस निचुप्ते नावाचे खाजण, त्यात खारफुटी आणि मगरी, मधून एकच रस्ता, दोन्ही अंगांना हॉटेले. हे शहर मुळात मेक्सिको सरकारने १९७० साली जवळजवळ मोकळ्या वाळूवर, नकाशा आखून उभे करायला घेतले आणि पहिली हॉटेले १९७४ मध्ये उघडली, हे मी वाचून दाखवले तेव्हा अण्णांचा चेहरा प्रथमच उजळला. "म्हणजे सिडको! तीही सत्तरचीच," ते म्हणाले. त्या क्षणापासून कॅनकूनकडे ते आपल्या खात्यातल्या माणसाकडे पाहावे तसे पाहू लागले. त्यातच मेक्सिकोत समुद्रकिनारे सार्वजनिक असतात आणि भरतीरेषेलगतचा २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, हे कळल्यावर 'आमचा खासगी किनारा' असे लिहिणाऱ्या प्रत्येक हॉटेलवर त्यांनी अतिक्रमणाची फुली मारली आणि प्रत्येक ठिकाणी वहिवाटीचा रस्ता कुठून जातो, ते शोधण्यात एक आख्खा रविवार घालवला.

माझे काम अभिप्राय वाचण्याचे होते. एकाच हॉटेलविषयी, एकाच आठवड्यात, एकाने 'स्वर्ग' असे लिहिले होते आणि दुसऱ्याने 'नासक्या अंड्यांचा वास' असे लिहिले होते, आणि दोघेही खरे बोलत होते, ही या अभ्यासातली सर्वांत त्रासदायक गोष्ट होय. सार्गासम नावाचे तपकिरी समुद्रशेवाळ २०१४-१५ पासून या किनाऱ्यावर ढिगांनी येऊ लागले आहे. ते साधारण वसंतात सुरू होऊन उन्हाळाभर येत राहते, आणि वाऱ्याने आज एका हॉटेलसमोर आणून टाकले तर उद्या दुसऱ्यासमोर टाकते. किनाऱ्यावर पडून ते कुजले की अंड्यांचा वास येतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या दांडीला त्याचा मार जास्त. उत्तरेच्या आखूड दांडीला समोरच्या इस्ला मुहेरेस बेटाचा आडोसा आहे, म्हणून तिथे शेवाळही कमी आणि लाटाही मवाळ. ही माहिती मिळवण्यासाठी मी सहाशेच्या वर अभिप्राय वाचले. त्यांपैकी एका गृहस्थाने पाऊस पडला म्हणून हॉटेलला एक तारा दिला होता. त्याच्याविषयी मला पुढे पुढे आपुलकी वाटू लागली होती.

तुलुमचा प्रश्न कन्येने डोळ्यांत पाणी आणून मांडला, म्हणून तो रीतसर सुनावणीला घेतला. तुलुम कॅनकूनच्या विमानतळापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, दक्षिणेला. समुद्राच्या कड्यावर माया लोकांचे अवशेष, खाली निळे पाणी, आणि किनाऱ्यालगतच्या अरुंद रस्त्यावर पर्यावरणस्नेही म्हणवणारी लहान हॉटेले, ज्यांच्यातल्या कित्येक खोल्यांना एसी नसतो आणि काहींची वीज जनरेटरवर चालते. एका खोलीच्या वर्णनात 'मेणबत्त्यांच्या प्रकाशातली संध्याकाळ' असे होते आणि भाडे कॅनकूनच्या दुपटीच्या वर होते. अण्णांनी चष्मा काढला. "डहाणूला आम्ही हेच भारनियमन इतकी वर्षे फुकट सोसले," ते म्हणाले, "तेव्हा कोणी सांगितले नाही की त्याचे पैसे मिळतात." कन्येला एका दिवसाची तुलुमची सहल आणि एक झोपाळा मंजूर करण्यात आला.

जेवणाची बाजू आईने सांभाळली. 'ऑल इन्क्लुसिव्ह' म्हणजे मनगटाला पट्टी बांधायची आणि मग दिवसभर खायचे-प्यायचे, वेगळे बिल नाही, हे तिला लग्नघरासारखे वाटून आवडले. पण त्या दरात दारूही धरलेली असते हे कळल्यावर ती थबकली. आमच्यात पिणारे कोणी नाही. म्हणजे पिणाऱ्यांचे बिल आपण भरायचे का, या तिच्या प्रश्नावर चिरंजीवांनी आपण रोज दहा ग्लास लिंबू सरबत पिऊन वसुली करू, असे आश्वासन दिले. मेक्सिकोत घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी घालण्याची पद्धत आहे, भातही बहुधा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. म्हणून मी पाच हॉटेलांना पत्रे लिहिली. एकाने, शाकाहारी पाहुण्यांसाठी आमच्याकडे उत्तम मासे आहेत, असे कळवले. शेवटी आईने 'सिन कार्ने, सिन मान्तेका', म्हणजे मांस नको, चरबी नको, एवढे स्पॅनिश पाठ केले आणि रामरक्षेनंतर रोज ती त्याची उजळणी करू लागली. ज्या चिकूच्या वाड्यांमध्ये तिचे बालपण गेले, त्या चिकूचे मूळ घर युकातान आणि आसपासचा हाच प्रदेश आहे, असे मी तिला सांगितले. "मग तिथला चिकू खाऊन बघू, कसा ठेवलाय त्यांनी ते," असे ती म्हणाली. पाचही हॉटेलांच्या फळांच्या यादीत चिकू नव्हता. तिने पाचहींचे गुण कापले.

याच सुमारास मला एक विलक्षण स्वस्त, शांत, शेवाळमुक्त हॉटेल सापडले. सगळी माहिती भरून झाल्यावर, पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर, ते फक्त प्रौढांसाठी असल्याचे कळले. चिरंजीव खांद्यावरून वाचत होते. त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पण खरी कसोटी खोलीच्या जातीची होती. ओशन फ्रंट, ओशन व्ह्यू, पार्शल ओशन व्ह्यू, लगून व्ह्यू, गार्डन व्ह्यू आणि ट्रॉपिकल व्ह्यू. प्रत्येक पायरीला रात्रीमागे भाडे बदलते आणि फोटोत मात्र सगळ्यांच्या खिडकीत तोच समुद्र असतो. मला यातले अर्धे शब्द सारखेच वाटले. अण्णांना नाही. "ओशन फ्रंट म्हणजे बागायत," ते शांतपणे म्हणाले. "ओशन व्ह्यू म्हणजे जिरायत. पाणी दिसेल, पण आपले नाही. पार्शल म्हणजे वरकस, उतारावरची हलकी जमीन." ट्रॉपिकल व्ह्यू म्हणजे काय, ते त्यांनी नकाशावर दाखवले: वाहनतळ आणि त्याच्या कडेला चार माड. बागायत आमच्या आवाक्याबाहेर होती. जिरायतीत दोन खोल्या घेतल्या असत्या तर तुलुमची सहल गेली असती. वरकस तेवढी परवडत होती.

उत्तरेच्या दांडीवरच्या एका हॉटेलच्या पानावर 'फक्त २ खोल्या शिल्लक, ७ जण पाहत आहेत' असे लाल अक्षरांत दिसू लागले, तेव्हा माझ्या हाताला घाम फुटला. मी घाईघाईने कार्ड शोधायला उठलो तर कन्या तिच्या खोलीत, चिरंजीव टॅबलेटवर, बायको ऑफिसच्या संगणकावर, अण्णा माझ्या लॅपटॉपवर आणि आई अण्णांच्या फोनवर तेच पान उघडून बसली होती. मी स्वतः धरून सहा झाले. सातवा कोण, याचा विचार करत मी पैसे भरले. दोन खोल्यांच्या मधल्या दाराविषयी हॉटेलने 'आपली विनंती नोंदवून घेतली आहे' असे कळवले. अण्णांनी ते वाचून मान डोलावली. "होणार नाही. आम्हीही हेच लिहीत असू."

ते झालेही नाही. खोल्या पाचव्या मजल्यावर शेजारी शेजारी मिळाल्या. मधले दार मिळाले नाही. सामान टाकून आम्ही सहाही जण आमच्या गॅलरीत गेलो आणि समोर शेजारच्या इमारतीची पांढरी भिंत पाहून गप्प उभे राहिलो. अण्णांनी मात्र धीर सोडला नाही. गॅलरीच्या डाव्या टोकाला जाऊन, कठड्याला पोट टेकवून त्यांनी मान बाहेर काढली, हात लांब करून एक डोळा मिटला आणि आडव्या बोटांनी माप घेतले. "दोन बोटे," त्यांनी जाहीर केले. "निळा आहे. कागदोपत्री बरोबर आहे."

त्या टोकाला एकच खुर्ची मावत होती. अण्णांनी हॉटेलच्या कागदावर वेळापत्रक केले आणि ते आरशाला चिकटवले. ज्येष्ठतेने आई पहिली, मग अण्णा, मग मुले, मग बायको. माझा क्रमांक लागायचा त्या वेळी रोज कोणाला तरी घसरगुंडीवर, कोणाला भातात काय घातले आहे ते विचारायला, आणि एकदा तुलुमला न्यावे लागले. अखेर निघण्याच्या दिवशी सकाळी सात वाजता, आमच्या खोलीतले सगळे झोपलेले पाहून, मी कॉफीचा पेला घेऊन त्या खुर्चीत बसलो आणि डावीकडे वाकलो. शेजारच्या, म्हणजे आमच्याच दुसऱ्या गॅलरीच्या कठड्यावर चिरंजीवांची पोहण्याची चड्डी, कन्येचा टॉवेल आणि अण्णांचा पंचा ओळीने वाळत घातलेला होता. मी आईला हाक मारून ते जरा सरकवायला सांगितले.

"वाळू देत की," पंचाच्या पलीकडून, समुद्राच्या दिशेने उत्तर आले. "ओले कसे भरायचे बॅगेत?"